एक विहीर, दोन वह्या

हवामानबदलाबद्दल जगाने दिलेली वचने गावापर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांचे काय होते, हा विषय या अंकासाठी संपादकांनी सुचवला. त्यासाठी मुंबई हे सोयीचे उदाहरण होते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने आपला वातावरण कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठेवले. त्या शहराकडे अभियंते आहेत, सल्लागार आहेत, आंतरराष्ट्रीय जाळ्यातली मैत्री आहे. पण राज्यात महापालिका मोजक्या आणि ग्रामपंचायती अठ्ठावीस हजारांच्या घरात. वचनाचा कस लागायचा तर तो एखाद्या साध्या ग्रामपंचायतीत लागेल. म्हणून हा लेख जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थच्या बाजूने विषयाकडे पाहतो.

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मधल्या रामनवमीला ठोसरांच्या घरी त्यांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते, आणि रामनवमीचा उत्सव हे आजही गावाचे मोठे निमित्त. रामनवमी येते चैत्रात. मराठवाड्यात चैत्र म्हणजे विहिरींचे तळ दिसायला लागण्याचा काळ. पाहुणे सर्वांत जास्त येतात तेव्हा पाणी सर्वांत कमी असते, आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्यापासून उष्ट्या पत्रावळींपर्यंतची व्यवस्था ग्रामपंचायतीला पाहावी लागते. हवामानाचा विषय इथे परिषदेतून येत नाही. तो नळाच्या वेळापत्रकातून येतो.

ग्लासगो ते घनसावंगी

२०१५ च्या पॅरिस कराराने देशांना आपापली उद्दिष्टे ठरवायला लावली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्दिष्टे सुधारली गेली. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन-तीव्रता ४५ टक्क्यांनी घटवायची आणि वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनाव्यतिरिक्त स्रोतांतून उभारायची, असे ठरले. महाराष्ट्राने याच काळात आपल्या पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले, आणि अमृत योजनेतली ४३ शहरे संयुक्त राष्ट्रांच्या ‘रेस टू झीरो’ मोहिमेत उतरली.

गावांसाठी दोन वाटा तयार झाल्या. पहिली, २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले ‘माझी वसुंधरा’ अभियान. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांखाली कामे मांडायची, त्यांना गुण द्यायचे आणि जागतिक पर्यावरण दिनाच्या सुमारास निकाल लावायचा, अशी त्याची रचना. पहिल्या वर्षी त्यात ६८६ स्थानिक संस्था होत्या. काही वर्षांतच हा आकडा वीस हजारांच्या पुढे गेला. दुसरी वाट शाश्वत विकास उद्दिष्टांची. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने सतरा जागतिक उद्दिष्टे नऊ संकल्पनांत बसवली. ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ या त्यांपैकी दोन. ग्रामसभेने यांतली संकल्पना निवडायची, ठराव घ्यायचा आणि ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात त्यासाठी कामे धरायची.

म्हणजे न्यूयॉर्क-पॅरिसमधला मजकूर ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात उतरण्याची सोय कागदावर तरी पूर्ण आहे. सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’ आणि खाली सह्या-अंगठे. प्रश्न त्या सहीनंतरचा आहे. या लेखाचे म्हणणे असे की, मराठवाड्यातल्या गावाने दिलेले हवामानाचे वचन केवळ कर्बाच्या वहीत नोंदले तर ते फसवे ठरू शकते. त्याच पानावर पाण्याची नोंद हवी. कारण या भागात एकच काम कर्बाच्या वहीत जमा आणि पाण्याच्या वहीत खर्च पडू शकते, आणि या दोन वह्या वेगवेगळ्या कार्यालयांत ठेवलेल्या आहेत.

एका हेक्टरचा हिशोब

जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. साडेसहाशे मिलिमीटर धरले तर हेक्टरी पासष्ट लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण यातले बरेचसे पाणी जमिनीतून आणि पिकांतून वाफ होऊन जाते आणि काही ओढ्याने वाहून जाते. जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढे मावेल तेवढेच साठते. अशा खडकात पावसाचा साधारण दहावा भाग मुरतो असे मानले, तर हेक्टरी साडेसहा लाख लिटर विहिरींच्या वाट्याला येतात.

आता मागणीची बाजू. पाटपाण्यावर घेतलेल्या उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. त्यातले पावसाने दिलेले सगळे वजा केले तरी एक कोटीच्या वर पाणी बाहेरून द्यावे लागते. ते विहिरीतून द्यायचे झाले, तर एका हेक्टर उसाला वीसहून अधिक हेक्टरांवर मुरलेले पाणी पुरवावे लागते. ज्यांच्या शिवारात हे पाणी मुरले त्यांतल्या बहुतेकांच्या शेतात कपाशी, सोयाबीन किंवा तूर असते आणि दोन पाण्यांसाठी तेही त्याच भूजलाकडे बघत असतात.

घनसावंगी तालुक्याचे दोन चेहरे यातून समजतात. जायकवाडीचा डावा कालवा या पट्ट्यातून पुढे परभणीकडे जातो. कालव्याच्या आणि गोदावरीच्या आधाराने ऊस वाढला, अंकुशनगर आणि तीर्थपुरीला साखर कारखाने उभे राहिले. कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या शिवारांत मोसंबी रुजली. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबीचे झाड लावल्यावर फळाला यायला चार-पाच वर्षे घेते. म्हणजे शेतकरी पुढच्या पंधरा-वीस उन्हाळ्यांच्या पाण्यावर विश्वास टाकतो. २०१२-१३ च्या दुष्काळात हा विश्वास मोडला. टँकर विकत घेऊन बागा जगवण्याचे प्रयत्न झाले आणि अनेक ठिकाणी वाळलेल्या झाडांवर शेवटी कुऱ्हाड चालली. त्याच काळात परळीचे औष्णिक वीजकेंद्रही पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नेमके उलटे झाले. मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, जायकवाडीतून प्रचंड विसर्ग सोडावा लागला आणि गोदाकाठची शिवारे पाण्याखाली गेली. एकाच तालुक्याने दोन्ही टोके पाहिली. हवामानशास्त्रज्ञ तापत्या जगाबद्दल जे सांगतात, पावसाचे दिवस कमी आणि सरी अधिक जोरकस, त्याचा गावपातळीवरचा अर्थ हाच.

सौरपंप: जमा की खर्च?

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना सप्टेंबर २०२४ पासून राज्यात जोरात सुरू झाली आणि जालना हा त्यातल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा आणि त्यापुढे साडेसातचा. बांधावर निळ्या-काळ्या पट्ट्यांची चौकट, खाली पेटी, आणि ऊन चढले की पाणी सुरू. बिल नाही, थकबाकी नाही, रोहित्र जळण्याची भानगड नाही.

या योजनेचे मोल कमी लेखता येणार नाही. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री यायची, तेव्हा थंडीत, अंधारात, सापाकिरड्याच्या भीतीने दारे धरावी लागत. दिवसा पाणी देता येणे ही साधी माणुसकीची गोष्ट आहे. कोळशाची वीज वाचते हेही खरे. राष्ट्रीय उद्दिष्टाच्या हिशेबात असा प्रत्येक पंप जमेची बाजू आहे.

पण त्याच विहिरीत जरा वाकून पाहू. पाच अश्वशक्तीचा सौरपंप पन्नास मीटर खोलीवरूनही चांगल्या उन्हाच्या दिवशी लाखभर लिटर पाणी उपसू शकतो. मघाच्या हिशेबात एका हेक्टरवर वर्षभरात मुरणारे पाणी साडेसहा लाख लिटर होते. म्हणजे पंप पूर्ण क्षमतेने चालला तर तो एका हेक्टरवर वर्षभरात मुरलेले पाणी आठवड्याभरात बाहेर काढतो. भारनियमन आणि वीजबिल हे शेतकऱ्याचे दुखणे होते यात शंका नाही. पण त्यांच्यामुळे उपशाला अजाणता एक लगामही होता. सौरऊर्जेने दुखणे गेले आणि लगामही गेला. त्याच्या जागी दुसरा लगाम कोणी बसवायचा, हे योजनेत ठरलेले नाही.

यावर असे म्हटले जाईल की, विहिरीत पाणी नसेल तर पंप काय उपसणार? पंपाची ताकद जमिनीच्या प्रमाणात ठरवली आहेच. मुद्दा बरोबर आहे, पण तो एका शेताचा विचार करतो. भूजल सामाईक असते. एका विहिरीने पाणी लवकर ओढले की शेजारच्या विहिरीचा तळ लवकर दिसतो, मग शेजारी बोअर घेतो, आणि खोली वाढत जाते. प्रत्येकजण आपल्या बांधाच्या आत शहाणपणाने वागूनही गाव मात्र कोरडे पडते. नेमकी हीच जागा ग्रामपंचायतीची आहे. सौरपंपाची नोंद महावितरणकडे, पाणीपातळीची भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, पीकपेऱ्याची तलाठ्याकडे आणि ठिबकच्या अनुदानाची कृषी विभागाकडे. या चारही नोंदी एकाच शिवाराच्या असून एका टेबलावर कधी येत नाहीत. ‘माझी वसुंधरा’च्या गुणपत्रिकेतही अग्नी, म्हणजे ऊर्जा, आणि जल वेगवेगळ्या शीर्षकांखाली येतात. दोन्हींत चांगले गुण मिळवणाऱ्या गावाची विहीर मार्चमध्येच आटू शकते.

आमच्या गावाने काय जाळले?

सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप हा. शतकभर कोळसा जाळला इतरांनी, आणि वचन जांबसारख्या गावाने का द्यावे? कर्बापुरता हा आक्षेप मान्यच करायला हवा. ग्रामपंचायतीच्या थेट हातात असलेले उत्सर्जन म्हणजे पाणीपुरवठ्याची मोटर, पथदिवे आणि शाळा-कार्यालयाची वीज. ते जरूर कमी करावे, कारण त्याने बिल कमी होते. पाणीपुरवठ्याची थकबाकी साचून जोडणी तुटण्याचा अनुभव अनेक गावांना आहे. साताऱ्यातील मान्याचीवाडीने सौरऊर्जेत मिळवलेले यश किंवा भंडाऱ्याच्या बेला गावाने डिसेंबर २०२४ मध्ये कार्बन तटस्थतेसाठी पटकावलेला विशेष राष्ट्रीय पंचायत पुरस्कार कौतुकाचाच आहे. केरळमध्ये वायनाडच्या मीनंगाडी पंचायतीने २०१६ मध्येच कार्बन तटस्थतेचा प्रकल्प हाती घेतला. पण मीनंगाडी आणि बेला हे भरपूर पावसाचे मुलूख आहेत. तिथे लावलेले झाड पावसावर वाढते. घनसावंगीत लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे माणसाने पाणी घालावे लागते. त्यांचे माप इथे जसेच्या तसे लावले तर वृक्षलागवडीचा आकडा जुलैत मोजला जाईल आणि मेमध्ये खड्डे शिल्लक राहतील.

पाण्याच्या वहीबाबत मात्र हा आक्षेप टिकत नाही. पॅरिस कराराचे सातवे कलम उत्सर्जनाबद्दल नाही. ते बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याबद्दल आहे आणि त्याला स्थानिक बाजू असल्याचे ते स्पष्ट सांगते. म्हणजे पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव आंतरराष्ट्रीय उद्दिष्टाबाहेरचे काही करत नसते. शिवाय हे वचन कोणा श्रीमंत देशाचे पाप फेडण्यासाठी नाही. पाणी राखले तर ते गावातच राहते. कर्ब-कपातीचा फायदा साऱ्या जगात विभागून जातो. जुळवून घेण्याचा फायदा ज्याने केले त्याच्या शिवारात दिसतो.

दुसरा आक्षेप ऐपतीचा. एका ग्रामसेवकाकडे, आताच्या नावाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, कधी दोन-तीन गावे असतात. दाखले, घरकुले, ऑनलाइन नोंदी यांतच त्याचा दिवस जातो. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली जेमतेम. हे सगळे खरे आहे. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के भाग बंधित होता, आणि तो पाणी व स्वच्छता यांवरच खर्चायचा होता. हा पैसा वचनाशी जोडता येण्याजोगाच होता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ज्या गावात प्रकल्प उभा राहतो त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे. हिशोबाची साधनेही नवी नाहीत. अटल भूजल योजनेत जालना जिल्हा होता आणि तिच्या केंद्रस्थानी गावाचा पाण्याचा ताळेबंद होता. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘पोकरा’त, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि आयआयटी मुंबईच्या मदतीने घडवलेला ताळेबंद होता. तरीही लोकांच्या लक्षात राहिले ते ठिबक, शेततळे आणि खात्यावर येणारे अनुदान. वैयक्तिक लाभ दिसतो, सामाईक हिशोब दिसत नाही. ताळेबंद अहवालात राहिला आणि पेरणी त्याच्याशिवाय झाली.

स्पर्धा कुठवर नेते

बक्षिसांची स्पर्धा हा या राज्याचा आवडता मार्ग आहे आणि त्याला यशही आले आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २००० नंतर गावे झाडून काढली. २०१६ ते २०१९ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने हजारो लोकांना कुदळ-फावडे हाती घेऊन माळावर नेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेले मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानही याच परंपरेतले. स्पर्धेने हालचाल होते आणि गट-तट काही काळ बाजूला राहतात. जिथे काहीच घडत नव्हते तिथे हे थोडे नाही.

पण वॉटर कपचा पुढचा प्रवासच मर्यादा सांगतो. पाणी अडवल्यावर ते वापरायचे कसे हा प्रश्न उरतोच, आणि फाउंडेशनने पुढे आपला भर पिके व शेतकरी गट यांच्याकडे वळवून फार्मर कप सुरू केला. बंधारा बांधणे हे पंचेचाळीस दिवसांत होणारे काम आहे. पीक बदलणे तसे नाही. तिथे कोणाच्या तरी कमाईला हात लागतो. शेततळ्याचेच पाहा. प्लास्टिक अंथरलेले तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे हा हेतू. अनेक ठिकाणी ते विहिरीतून उपसून भरले जाते, म्हणजे सामाईक पाणी खाजगी तळ्यात येते आणि वर उन्हाने उडते. गुणपत्रिकेत मात्र ‘शेततळे: एक’ अशीच नोंद होते.

कडवंची आणि हिवरे बाजार

हे जमण्यासारखे आहे का, याचे उत्तर याच जिल्ह्यात सापडते. जालना तालुक्यातील कडवंचीत नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा कामे झाली. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांचा त्यामागे मोठा वाटा. आधी बांध-बंदिस्ती, मग ठिबक, मग द्राक्षे, असा क्रम राहिला. २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या बागा उभ्या राहिल्या. एका योजनेत हे झाले नाही, मार्गदर्शन करणारी संस्था वर्षानुवर्षे टिकून राहिली म्हणून झाले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने एक पाऊल पुढे टाकले. पावसाळा संपला की ग्रामसभेपुढे पाण्याचा हिशोब येतो. आधी माणसे आणि जनावरे, मग पिके. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही. पोपटराव पवारांचे नेतृत्व नसते तर हे झाले नसते, असे म्हटले जाते. ते खरे असेल. पण म्हणूनच नियम कायद्याच्या आधाराने उभा करायला हवा, म्हणजे प्रत्येक गावाला पोपटराव मिळण्याची वाट बघावी लागणार नाही. तसा आधार आहे. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालतो आणि पाणलोट समित्यांची कल्पना मांडतो. अंमलबजावणी मात्र सरपंचाच्या एकट्याच्या गळ्यात टाकता येत नाही. ज्याची मते मागायची त्याचाच बोअर अडवायचा, हे कोणाला जमणार? ग्रामसभेने नियम करावा आणि तहसीलने त्यामागे उभे राहावे, अशी जबाबदारी वाटली तरच तो टिकेल. गावाने वर वचन द्यायचे असेल, तर वरच्यांनीही खाली वचन द्यायला हवे.

ठरावात काय असावे

यातून जांबसारख्या गावासाठी काम निघते ते मर्यादित आणि मोजता येण्याजोगे आहे. ऑक्टोबरअखेर निवडक विहिरींची पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी आणि रब्बीच्या पेरणीआधी ती ग्रामसभेत वाचावी. गावातल्या प्रत्येक सौरपंपाची नोंद पाण्याच्या ताळेबंदात घ्यावी, आणि बारमाही पिकाला पाणी देणाऱ्या पंपासोबत ठिबक असावे असा आग्रह धरावा. रामनवमीपर्यंत पिण्याचे पाणी पुरेल अशी एखादी विहीर राखीव ठेवावी. पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची मोटर सौरऊर्जेवर नेऊन वाचलेले बिल जलसंधारणाच्या दुरुस्तीला द्यावे, कारण बंधारा बांधायला निधी सहज मिळतो, त्याच्या देखभालीला तेवढा सहज मिळत नाही. आणि जिल्हा परिषदेने गुण देताना पुढच्या मे महिन्यातली पाणीपातळी पाहावी.

दिवाळीच्या सुमारास, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेनंतर, पुढच्या वर्षाचे गावविकास आराखडे तयार होऊ लागतात. हा अंक हाती असलेल्या ग्रामीण वाचकाने आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन आराखडा मागावा. तो पाहण्याचा त्याला हक्क आहे. ‘हरित गाव’ असा शब्द त्यात बहुधा असेल. त्याच्यापुढे गेल्या उन्हाळ्यातली विहिरीची पातळी, यंदाचा पेरा आणि खर्चाची रक्कम लिहिलेली आहे का, एवढे तपासावे. नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत ते लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.